ब्लॉगवर जाहिराती लावायच्या पण रोजचे वाचक पळू द्यायचे नाहीत, तर नेमकं काय करायचं

खारघरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. बाल्कनीतल्या झाडांवर त्या बरीच वर्षं मराठीत ब्लॉग लिहितायत, ठरलेले वाचक आहेत, नवीन लेख आला की लगेच वाचून प्रतिक्रिया देणारे. आता होस्टिंग आणि डोमेनचा खर्च तरी निघावा म्हणून त्यांनी गूगलच्या जाहिरात सेवेतल्या, म्हणजे अ‍ॅडसेन्सच्या ऑटो अ‍ॅड्स (गूगल स्वतःच जागा निवडून लावतं त्या जाहिराती) चालू केल्या, तर आठवड्याच्या आत जुन्या वाचकांची कुरकुर सुरू झाली, एका काकूंनी तर सरळ कळवलं की आता वाचवत नाही हो. तर जाहिराती ठेवू की काढू, असं विचारलंय. मी ठाण्यात राहतो, माझा स्वतःचा ब्लॉग आहे आणि ओळखीच्या काही जणांच्या साइटवरच्या जाहिरातींचं काम पण मीच बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ठेवा ताई. फक्त सगळ्यांना सारख्या दाखवू नका, सगळी गडबड तिथेच होते.

ठाणे स्टेशनवर जसे पासवाले असतात आणि एखाद्या दिवसाचे तिकीटवाले असतात, तसेच तुमच्याकडे पण दोन प्रकारचे लोक येतात. पासवाले म्हणजे ह्या काकू वगैरे, ते थेट होमपेजवर येतात नाहीतर ईमेलमधल्या लिंकवरून येतात, नवीन लेख वाचतात, तुमच्याशी बोलतात. तिकीटवाला गूगलवर 'मोगऱ्याला फुलं येत नाहीत' किंवा 'जास्वंदीवर पांढरी कीड उपाय' असं टाकून तीन वर्षांपूर्वीच्या लेखावर येतो, उत्तर घेतो आणि जातो, बहुतेक वेळा परत येत पण नाही. त्याला जाहिरातींची सवय असते, त्याआधी उघडलेल्या चार साइटवर त्याने ह्याहून भयानक प्रकार बघितलेला असतो. आणि महत्त्वाचं म्हणजे त्याला त्या क्षणी काहीतरी हवं असतं, नीम तेल, खत, कुंडी, काहीतरी. जाहिरातदाराला तोच माणूस पाहिजे असतो. पासवाल्याला तुमच्या पानावर जाहिरात कुठे आहे हे दोन दिवसात पाठ होतं आणि मग त्याची नजर तिथे जातच नाही, म्हणजे त्याच्याकडून मिळकत कमी आणि त्रास मात्र सगळा त्यालाच.

इथे कोणी म्हणेल की २०२४ पासून अ‍ॅडसेन्स क्लिकवर पैसे न देता इंप्रेशनवर देतं, म्हणजे जाहिरात नुसती दिसली तरी पैसे, मग पासवाल्यांनी दहा पानं बघितली तर चांगलंच की. खरंय, पण त्या इंप्रेशनचा भाव बोली लावून ठरतो, आणि ज्या जागेवर कोणी ढुंकून बघत नाही त्या जागेची बोली हळूहळू खालीच येते. त्यामुळे पासवाल्यांसमोर जाहिरातींचा ढीग लावून फार काही हाती लागत नाही.

तर पहिलं काम, गूगल अ‍ॅनालिटिक्स किंवा सर्च कन्सोल (वाचक कुठून येतात ते दाखवणारी गूगलची साधनं) उघडा आणि बघा सर्चमधून लोक कुठल्या लेखांवर येतायत. तुमच्यासारख्या ब्लॉगवर असे मोजकेच लेख निघतात, बाकीच्यांवर सर्चवाला फिरकत पण नाही. जाहिराती फक्त त्या मोजक्या लेखांवर. होमपेज कोरं, 'माझ्याविषयी' कोरं, नवीन लेख निदान पहिले दोन आठवडे कोरा (तोपर्यंत पासवाले वाचून मोकळे झालेले असतात, नंतर येणारा सर्चवाला असतो). वर्डप्रेस असेल तर अ‍ॅड इन्सर्टरसारख्या प्लगइनमध्ये लेखाच्या तारखेवरून, कॅटेगरीवरून, वाचक कुठून आला त्यावरून जाहिरात दाखवायची का नाही ते ठरवता येतं. ब्लॉगरवर असाल तर थीमच्या कोडमध्ये अट घालावी लागते, थोडी किचकट आहे पण एकदाच करायची आहे. आणि हे काहीच जमत नसेल तर अ‍ॅडसेन्सच्या ऑटो अ‍ॅड्समध्येच पानं वगळायची सोय आहे, तिथे होमपेज आणि ताज्या लेखांचे पत्ते टाका, एवढ्याने सुद्धा निम्मी कुरकुर थांबेल. ईमेलमधून लेख पाठवत असाल तर त्यात अ‍ॅडसेन्सचा कोड टाकू नका, ते नियमातच बसत नाही.

आता ऑटो अ‍ॅड्सबद्दल. नुसतं चालू करून सोडलं की गूगल त्याच्या मनाने जागा शोधत बसतं आणि त्याचं मन फार मोठं आहे! सेटिंगमध्ये जाऊन प्रकार एकेक करून बघा. विन्येट म्हणजे एका पानावरून दुसऱ्यावर जाताना पूर्ण स्क्रीनभर येते ती, आधी ती बंद करा, कारण एका बैठकीत चार लेख वाचणारा म्हणजे तुमचा पासवालाच, आणि नेमकी त्यालाच ती आडवी येते. मग अ‍ॅड इंटेंट्स नावाचा एक प्रकार आहे, त्यात तुमच्याच लेखातल्या शब्दांना आपोआप लिंक लागते आणि दाबलं की जाहिरातींचं पान उघडतं. ते ताबडतोब बंद. तुम्ही 'शेणखत' लिहिलंत आणि त्याखाली निळी रेघ आली तर वाचकाला वाटणार ताईंनी काहीतरी सुचवलंय, आणि उघडल्यावर भलतंच. तुमच्या वाक्याला तुम्ही न लावलेली लिंक, हे मला कधीच पटलेलं नाही, पैसे मिळोत न मिळोत. खाली चिकटून राहणारी अँकर जाहिरात ठेवली तरी चालते, ती लहान असते आणि वाचकाला खाली ढकलता येते. पानातल्या जाहिरातींची संख्या कमीत कमीकडे ओढा, किंवा ऑटो पूर्ण बंद करून स्वतःच्या हाताने दोन-तीन जागा ठरवा, मी तरी हेच करतो.

जागा कुठल्या ते सांगतो. लेख उघडल्यावर पहिल्या स्क्रीनवर काही नको, शीर्षक, फोटो आणि पहिला परिच्छेद बिनाअडथळा वाचता आला पाहिजे. पहिली जाहिरात दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदानंतर, ३०० बाय २५० पिक्सेलची. दुसरी लेख संपल्यावर, प्रतिक्रियांच्या वर. लेख लांबलचक असेल तरच मध्ये तिसरी, आणि ती कृतीच्या मध्ये नाही. म्हणजे 'एक लिटर पाण्यात पाच मिली नीम तेल घाला' आणि 'संध्याकाळी फवारा' ह्याच्या मध्ये जाहिरात आली की माणूस एका हातात बाटली घेऊन दुसऱ्या हाताने मोबाइल खाली-वर करत बसतो आणि तुम्हाला शिव्या घालतो. पुढचा लेख, शेअर, असल्या बटणांना चिकटून तर अजिबात नको, चुकून क्लिक होतात आणि चुकून होणारे क्लिक अ‍ॅडसेन्सला आवडत नाहीत. जाहिरातीच्या वर बारीक अक्षरात 'जाहिरात' एवढंच लिहा, 'उपयुक्त लिंक्स' वगैरे लिहिलेलं त्यांना चालत नाही.

लेखाच्या लांबीचं पण बघायला लागतं. कोएलिशन फॉर बेटर अ‍ॅड्स म्हणून संस्था आहे, तिच्या मोबाइलच्या नियमात जाहिरातींची उंची मिळून मुख्य मजकुराच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त नको असं आहे, शिवाय पॉपअप नको, आपोआप आवाजासकट सुरू होणारा व्हिडिओ नको, चमकणारी जाहिरात नको. क्रोमने हे २०१८ मध्ये काही देशांत आणि जुलै २०१९ पासून जगभर लागू केलंय, सतत नियम मोडणाऱ्या साइटच्या सगळ्याच जाहिराती तो उडवतो. तुमचे छोटे लेख असतात ना, दोन फोटो आणि चार परिच्छेद, त्यात तीन जाहिराती टाकल्या तर ३० टक्के कधी ओलांडले कळणार पण नाही. छोट्या लेखाला एकच, शेवटी.

आणि उडी मारणारा मजकूर. लोक तुम्हाला ट्रेनमध्ये वाचतात हे लक्षात ठेवा. ठाणे सोडून लांब पल्ल्याची गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरते, नेटवर्क जातं, मजकूर तेवढा आलेला असतो, माणूस वाचत असतो, बोगद्यातून बाहेर आल्यावर नेटवर्क येतं आणि उशिरा आलेली जाहिरात धाडकन मध्ये घुसते, वाचत होता ती ओळ गायब, बोट जिथे होतं तिथे आता कुठल्यातरी लोनची जाहिरात. वाचकांना विचारलंत ना की नेमका त्रास कसला होतो, तर जाहिरात आहे ह्याच्यापेक्षा हे उडी मारणं जास्त वेळा सांगतील. उपाय सोपा आहे, जाहिरातीच्या डब्याला आधीच उंची राखून ठेवायची, ३०० बाय २५० साठी मिन-हाइट २५० पिक्सेल, थोडी जास्त दिली तरी हरकत नाही. मग जाहिरात आली काय, उशिरा आली काय, मजकूर हलत नाही. गूगल हे सीएलएस नावाने मोजतं आणि ते ०.१ किंवा कमी असावं असं म्हणतं, म्हणजे वाचकाचं भलं आणि सर्चला पण बरं.

काय दाखवायचं नाही ते पण तुमच्या हातात आहे, बहुतेकांना हे माहीतच नसतं. अ‍ॅडसेन्सच्या ब्लॉकिंग कंट्रोल्समध्ये संवेदनशील प्रकारांची यादी आहे, झटपट श्रीमंत व्हा, वजन घटवा, डेटिंग, ज्योतिष-वशीकरण छापाचं, आणि ते खोट्या डाउनलोड बटणवाले, सगळ्यांवर बंदीचं बटण दाबा. थोडी मिळकत कमी होईल, होऊ दे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमच्या जाहिरातींना तर २०२५ च्या कायद्याने बंदीच आहे, तरी सट्ट्याचं काही वेगळ्या नावाने घुसलेलं दिसलं तर त्या जाहिरातदाराचा पत्ता ब्लॉक करा. बाकी एखादा वाचक कळवतो की तुमच्या ब्लॉगवर भलत्याच कपड्यांच्या जाहिराती दिसतात, तेव्हा जरा जपून उत्तर द्या, कारण त्या बऱ्याचदा त्याच्याच फोनवरच्या शोधाशोधीवरून आलेल्या असतात. काकांना हे तोंडावर सांगता येत नाही! मी आपलं गूगलच्या माय अ‍ॅड सेंटरमध्ये जाऊन असे विषय कसे बंद करायचे तेवढं कळवून टाकतो.

आता पैशांचं खरं बोलू. मराठी अ‍ॅडसेन्सच्या भाषांच्या यादीत आहे, हिंदी तर २०१४ लाच आली होती, पण मराठी पानांना मिळणारा भाव इंग्रजीच्या मानाने कमीच असतो. जाहिरातदार देतो त्यातले साधारण ६८ टक्के तुमच्याकडे येतात. समजा महिन्याला वीस हजार पानं बघितली गेली आणि हजार पानांमागे चाळीस रुपये पडले, तर महिन्याचे आठशे. आणि पैसे बँकेत येतात १०० डॉलर साठल्यावर, म्हणजे साधारण नऊ हजार रुपये, म्हणजे वर्षातून जेमतेम एकदा. परदेशातले मराठी वाचक असतील तर जरा बरं, तिकडचा भाव जास्त असतो, मात्र युरोप-ब्रिटनच्या वाचकांसाठी संमतीची खिडकी (माहिती वापरायची परवानगी विचारणारी) लावावी लागते, ती अ‍ॅडसेन्समध्येच तयार मिळते. एकूण काय, होस्टिंग सुटेल. ह्या आठशेचे हजार करायला म्हणून कोणी विन्येट परत चालू केलं की मला हसू येतं.

तुमच्यासारख्या विषयाला खरी मिळकत थेट जाहिरातीत आहे. नवी मुंबईतच राहणारे, झाडं विकत घेणारे वाचक तुमच्याकडे रोज येतात, हे गूगलपेक्षा सीवूड्सच्या नर्सरीवाल्याला जास्त मोलाचं आहे. माझं घोडबंदर रोडवरच्या एका नर्सरीवाल्याशी असंच बोलणं झालं होतं. त्याचा पहिला प्रश्न, "क्लिक किती येणार?" मी म्हटलं, "क्लिक मोजू नका शेठ, तुमच्याकडे किती जण येतात ते मोजा." मग एक कोड ठरवला, वाचकाने दुकानात तो सांगितला की कुंडीवर दहा टक्के सूट. त्याने वहीत कोडवाल्यांची वेगळी रेघ मारायला सुरुवात केली, आणि पुढच्या वेळी दर काय घेणार हे विचारायला त्याचाच फोन आला. हा दर नेहमी महिन्याचा ठरवा, क्लिकवर कधी नाही, निदान तीन महिन्यांचे एकदम घ्या, यूपीआयने घेतले तरी साधं बिल द्या. बदल्यात काय द्यायचं, तर लेखाच्या शेवटी एक चित्र आणि दोन ओळी, तुमच्याच सर्व्हरवर ठेवलेलं चित्र, कुठलंही स्क्रिप्ट नाही. पान जड होत नाही, उडी मारत नाही, आणि पासवाल्यांना ती जाहिरात चक्क आवडते कारण पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना नर्सरी हवीच असते. म्हणून ही एकच जाहिरात मी होमपेजवर सुद्धा चालवून घेतो. पण एक गोष्ट पैसे घ्यायच्या आधी सांगून टाकायची, की तुमच्याकडची रोपं मेली असं वाचकाने लिहिलं तर मी ते पुसणार नाही. ज्याला चालत नाही तो तिथेच गळतो, बरं असतं ते. एका क्लासवाल्यांनी मला जाहिरातीबरोबर प्रतिक्रिया तपासायचा हक्क पण मागितला होता, तो विषय तिथेच संपला.

पैसे घेऊन लेख लिहायची वेळ येईल तेव्हा तो पैसे घेऊन लिहिलाय हे पहिल्याच ओळीच्या वर लिहा, तळाला बारीक अक्षरात नाही. फुकट मिळालेली वस्तू, येण्या-जाण्याचा खर्च, हे पण त्यातच येतं. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे नियम २०२२ पासून आहेत, आस्कीचे (जाहिरात क्षेत्राची स्वतःची नियमन संस्था) २०२१ पासून, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत जाऊ शकतो. त्या लेखातल्या लिंकला कोडमध्ये rel="sponsored" अशी खूण लावायची, नाहीतर गूगल त्याला विकलेली लिंक समजतं. बिल्डरची जाहिरात आली, आणि खारघर-तळोजा म्हटल्यावर ती येणारच, तर महारेराचा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड असल्याशिवाय लावू नका, ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर पण बंधनकारक आहे. 'लवकरच नोंदणी' वगैरे सांगतील, नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात करताच येत नाही. आणि ती ईमेलं, 'तुमच्या साइटवर आमचा गेस्ट पोस्ट छापा, डू-फॉलो लिंक द्या, पन्नास डॉलर', त्यांना उत्तर पण देऊ नका, त्या लिंकच्या पलीकडे बहुतेक वेळा कॅसिनो नाहीतर लोन अ‍ॅप असतं.

हे आता कडक शब्दात सांगतो. सोसायटीच्या ग्रुपवर 'माझ्या ब्लॉगवर जाहिराती सुरू झाल्यात, सगळ्यांनी एकेक क्लिक करा' असं चुकूनही टाकू नका. घरच्यांनी, मैत्रिणींनी, आणि तुम्ही स्वतः सुद्धा क्लिक करायचं नाही. हे खोटं ट्रॅफिक धरलं जातं, खातं बंद होतं, साठलेले पैसे जाहिरातदाराला परत जातात, आणि दाद मागितली तरी खातं परत मिळेलच असं नाही. प्रेमाने क्लिक करणारे वाचक हा मराठी ब्लॉगला असलेला खरा धोका आहे, मी चेष्टा करत नाहीये. 'जाहिरात अडवणारा ब्लॉकर बंद करा' असा पडदा पण लावू नका, ज्याने मुद्दाम ब्लॉकर टाकलाय तो तुमच्यासाठी तो काढणार नाही, तो तुम्हालाच वाचायचं सोडेल.

वाचकांना मात्र एकदा नीट सांगा. छोटासा लेख, खर्च किती येतो, जाहिराती कुठे दिसतील आणि कुठे कधीच दिसणार नाहीत, त्रास झाला तर स्क्रीनशॉट कुठे पाठवायचा. त्या काकूंना वेगळं लिहा. आणि नंतर तक्रारी मोजू नका, तक्रार करणारे निदान बोलतात, बाकीचे गुपचूप जातात. अ‍ॅनालिटिक्समध्ये परत येणारे वाचक महिन्यागणिक किती ते बघा, ईमेल यादीतून किती जण नाव काढतायत ते बघा. एका वेळी एकच बदल करायचा आणि महिनाभर थांबायचं. फक्त दिवाळीच्या महिन्याची जानेवारीशी तुलना करू नका, दिवाळीला भाव चढलेले असतात, जानेवारीत पडतात, त्यात तुमच्या बदलाचा काही संबंध नसतो.

राहिली कागदपत्रं. खात्यात १० डॉलर झाले की गूगल पत्ता तपासायला पोस्टाने पिन पाठवतं, साध्या टपालाने, त्यामुळे पत्त्यात विंग, फ्लॅट नंबर, सेक्टर सगळं नीट घाला आणि वॉचमनला सांगून ठेवा, चार महिन्यांत पिन टाकला नाही तर जाहिराती थांबतात. पैसे महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघतात, परदेशातून येतात म्हणून बँक कधीकधी कशाचे पैसे ते विचारते, जाहिरात सेवेचे असं सांगायचं. इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये रक्कम कितीही छोटी असली तरी दाखवा, नर्सरीवाल्याने यूपीआयवर दिलेले पण. जीएसटीची मर्यादा सेवांसाठी वर्षाला २० लाख आहे, तिथपर्यंत पोचायला लागलात तर तेव्हा सीए गाठा, आत्ता त्याची चिंता नको. ह्या आठवड्यात फक्त विन्येट आणि इंटेंट्स बंद करा, होमपेज वगळा, आणि डब्याला उंची द्या, थीमचं नाव कळवलंत तर उंचीचं कोड मी लिहून देतो.